सराव चाचणीचा आकडा कसा वाचावा: मूळ गुण, पर्सेंटाइल आणि रूपांतरित गुण

बारावीत शिकणाऱ्या एखाद्या मुलीच्या हातात एकाच महिन्यात जेईई मेन या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या दोन सराव चाचण्यांचे निकाल येतात. पहिलीत तिला 300 पैकी 142 गुण आणि 94 पर्सेंटाइल मिळालेले असतात, तर दुसरीत 171 गुण आणि 89 पर्सेंटाइल. गुण वाढले आणि पर्सेंटाइल उतरले, तेव्हा तिची प्रगती झाली की पीछेहाट, असा प्रश्न घरात उभा राहतो. गोव्यातील बहुतेक पालकांची आकडे वाचण्याची सवय पर्वरीच्या शालान्त मंडळाच्या निकालावर घडलेली असते. तेथे 100 पैकी 82 म्हणजे 82, त्यात आणखी काही समजून घ्यायचे नसते. प्रवेश परीक्षेचा आकडा मात्र असा एकटा वाचता येत नाही, कारण तो कोणत्या तरी गटाशी किंवा कोणत्या तरी प्रश्नपत्रिकेशी जोडलेला असतो. त्या गटाची आणि त्या प्रश्नपत्रिकेची माहिती नसेल, तर आकड्यातून काहीच हाती लागत नाही. ती जोडणी कशी उलगडायची आणि सराव चाचणीच्या निकालातून उपयोगी तेवढेच कसे काढून घ्यायचे, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

तुलना माणसांशी की प्रश्नपत्रिकेशी

मुले ज्याला सरसकट "कर्व्ह" म्हणतात, त्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या पद्धती येतात आणि निम्मा गोंधळ त्या एकच मानल्यामुळे होतो. पहिल्या पद्धतीत विद्यार्थ्याची तुलना त्याच्याबरोबर तीच प्रश्नपत्रिका सोडवणाऱ्या इतरांशी होते. जेईई मेनचे पर्सेंटाइल या प्रकारचे आहे. दुसऱ्या पद्धतीत शेजारी कोण बसले आहे याला महत्त्व नसते. प्रश्नपत्रिका किती कठीण होती हे आधी मोजलेले असते आणि त्या काठिण्यानुसार मूळ गुणांचे ठरावीक पट्टीवरील गुणांत रूपांतर केले जाते. अमेरिकेतील महाविद्यालयांसाठी घेतली जाणारी सॅट परीक्षा या दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणून निकालपत्र हातात घेतल्यावर पहिला प्रश्न "किती मिळाले" हा नसावा. "हा आकडा कशाशी तुलना करून काढला आहे" हे आधी विचारावे.

जेईई मेनचे पर्सेंटाइल स्वतः काढणे

जेईई मेन 2019 पासून राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, घेते. ती जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत, प्रत्येक सत्रात अनेक दिवस आणि दिवसाला सहसा दोन शिफ्टमध्ये होते. प्रत्येक शिफ्टची प्रश्नपत्रिका वेगळी असते आणि कितीही काळजी घेतली तरी सगळ्या प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण असू शकत नाहीत. त्यामुळे एका शिफ्टमधील 150 गुणांची दुसऱ्या शिफ्टमधील 150 गुणांशी थेट तुलना करणे अन्यायाचे ठरते. यावर एनटीएने काढलेला उपाय सोपा आहे: आपल्याच शिफ्टमध्ये आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी मूळ गुण मिळवणाऱ्या उमेदवारांची संख्या घ्यायची, तिला त्या शिफ्टला बसलेल्या एकूण उमेदवारांच्या संख्येने भागायचे आणि 100 ने गुणायचे. येणारी संख्या म्हणजे पर्सेंटाइल. खूप उमेदवारांचे आकडे सारखे येऊ नयेत म्हणून ती दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत दिली जाते.

हे एकदा कागदावर करून पाहावे. समजा, एका चाचणीला 240 विद्यार्थी बसले आणि 118 किंवा त्याहून कमी गुण मिळालेले विद्यार्थी 204 आहेत. 204 भागिले 240 गुणिले 100 म्हणजे 85. ज्याला 118 गुण मिळाले त्याचे पर्सेंटाइल 85. त्याला 39 टक्केच गुण आहेत, पण गटातील 85 टक्के विद्यार्थी त्याच्या बरोबरीने किंवा मागे आहेत. या सूत्रातून एक गोष्ट आपोआप निघते: प्रत्येक शिफ्टमधील सर्वांत पुढच्या विद्यार्थ्याला 100 पर्सेंटाइल मिळतेच, मग त्याला 300 पैकी 300 असोत वा 271.

या पद्धतीमागे एक गृहीतक आहे आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. कोणत्या उमेदवाराला कोणती शिफ्ट मिळेल हे कोणत्याही निवडीविना ठरते आणि प्रत्येक शिफ्टमध्ये प्रचंड संख्येने उमेदवार असतात, म्हणून हुशार, मध्यम आणि अपुऱ्या तयारीच्या मुलांचे प्रमाण सगळ्या शिफ्टमध्ये जवळजवळ सारखे असते, असे मानले जाते. हे मान्य केले, तर दोन शिफ्टच्या सरासरी गुणांतला फरक मुलांच्या कुवतीतून आलेला नसतो, तो प्रश्नपत्रिकेतून आलेला असतो. मग अवघड शिफ्टमधील 150 आणि सोप्या शिफ्टमधील 180 या दोन्हींचे पर्सेंटाइल एकच येणे न्याय्य ठरते. गृहीतक मोडले की पद्धतही कोसळते. क्लासच्या चाचण्यांत ते कसे मोडते, ते पुढे येईल.

पालकांना हमखास चकवणारी आणखी एक बाब येथेच सांगावी लागेल. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांची पर्सेंटाइल स्वतंत्र काढतात आणि एकूण पर्सेंटाइल एकूण मूळ गुणांवरून पुन्हा वेगळे काढतात. ते तीन विषयांची सरासरी नसते. तिन्ही विषयांत 95 असणाऱ्या विद्यार्थ्याचे एकूण पर्सेंटाइल बहुधा 95 च्या वर जाते, कारण एका विषयात त्याच्या पुढे असलेली पुष्कळ मुले दुसऱ्या विषयात मागे पडतात आणि तिन्ही विषय सारखेच सांभाळणारे थोडे असतात. म्हणून गणितात 99 गाठण्यासाठी रसायनशास्त्र सोडून देण्याचा बेत मला कधीच पटलेला नाही.

पर्सेंटाइलवरून क्रमांकाचा अंदाज काढायचा तर 100 मधून पर्सेंटाइल वजा करावे, 100 ने भागावे आणि एकूण उमेदवारसंख्येने गुणावे. 2025 मध्ये दोन्ही सत्रे मिळून सुमारे 14.75 लाख उमेदवार बसले होते. त्या हिशेबाने 98 पर्सेंटाइल म्हणजे साधारण 29,500 वा क्रमांक, 99 म्हणजे 14,750 वा आणि 99.5 म्हणजे 7,375 वा. दोन सत्रांपैकी ज्यात कामगिरी चांगली असेल ते पर्सेंटाइल धरले जात असल्यामुळे प्रत्यक्ष क्रमांक याहून मागेपुढे होतो, तरी हा अंदाज जवळपास नेतो. 90 वरून 90.5 वर जाणे आणि 99 वरून 99.5 वर जाणे यात मागे टाकायची माणसे सारखीच, 7,375 असतात. मात्र मधल्या गुणांवर मुलांची दाटी असते आणि वरच्या टोकाला ती विरळ होते. त्यामुळे खाली मोजक्या बरोबर उत्तरांनी जे साधते, त्यासाठी वर कितीतरी जास्त गुण मिळवावे लागतात. वरच्या टप्प्यावर पोहोचलेल्या मुलाचे पर्सेंटाइल "अडकून राहिले" म्हणून त्याला बोलणे चुकीचे आहे. त्याचे मूळ गुण वाढताहेत का, ते पाहावे.

जेईई अ‍ॅडव्हान्स्डसाठीची, म्हणजे आयआयटी प्रवेशाच्या पुढच्या परीक्षेसाठीची, खुल्या गटाची किमान पर्सेंटाइल मर्यादा 2021 मध्ये 87.90 होती. ती 2022 मध्ये 88.41, 2023 मध्ये 90.78, 2024 मध्ये 93.24 आणि 2025 मध्ये 93.10 झाली. हे आकडे पाहून परीक्षा कठीण होत चालली, असा निष्कर्ष काढला जातो, पण कारण वेगळे आहे. पुढच्या फेरीसाठी निवडायच्या उमेदवारांची संख्या अडीच लाखांवर कायम राहिली आणि परीक्षेला बसणारे 2022 मधील सुमारे 9 लाखांवरून 2024 मध्ये 14 लाखांच्या पुढे गेले. भाजक वाढला, म्हणून मर्यादा वर सरकली.

क्लासच्या चाचणीत हेच गणित का फसते

सूत्र तेच वापरले तरी गट बदलला की उत्तराचा अर्थ बदलतो. फोंड्यातील एखाद्या क्लासने निवड चाचणी घेऊन 60 मुलांची तुकडी केली असेल, तर त्या तुकडीत शेवटच्या क्रमांकावर असलेल्या मुलाचे पर्सेंटाइल 1.67 येईल, आणि देशभरातील उमेदवारांत तोच मुलगा बराच पुढे असू शकेल. अशा तुकडीत एक माणूस मागेपुढे झाला की आकडा 1.67 ने हलतो. मग क्लास जेव्हा दशांशानंतर चार-पाच आकडे छापतो, तेव्हा त्यांना काहीही अर्थ नसतो.

मोठ्या ऑनलाइन चाचणी मालिकांत उलटा दोष आढळतो. पैसे भरून नाव नोंदवलेली, पण चाचणी उघडून चार प्रश्न सोडवून बाहेर पडलेली किंवा अभ्यासक्रम पूर्ण होण्याआधीच सहज आजमावून पाहणारी मुले त्या यादीत असतात. त्यांची संख्या भाजकात धरली गेली की मन लावून तीन तास बसणाऱ्या प्रत्येकाचे पर्सेंटाइल फुगते. म्हणून चाचणी घेणाऱ्यांना सरळ विचारावे की, पर्सेंटाइल काढताना कोणाला मोजले: नोंदणी केलेल्या सर्वांना, उपस्थित असलेल्यांना, की ठरावीक वेळेपर्यंत बसलेल्यांना. हे सांगायला कोणताही क्लास नकार देत असेल, तर त्याच्या पर्सेंटाइलकडे दुर्लक्ष करून मूळ गुण तेवढे घ्यावेत.

शिफ्टबाबतचे गृहीतकही येथे टिकत नाही. म्हापशाच्या शाखेत रविवारी सकाळी एक प्रश्नपत्रिका आणि मडगावच्या शाखेत संध्याकाळी दुसरी दिली, तर दोन्ही गट सारख्या कुवतीचे आहेत असे मानायला आधार नसतो. एका ठिकाणी वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देणारी मुले जास्त असतील, तर दुसऱ्या ठिकाणी अकरावीची. अशा दोन गटांची पर्सेंटाइल शेजारी ठेवून लावलेला सामाईक क्रमांक भिंतीवर शोभतो, त्यावरून मुलांची तुलना करू नये.

त्यापेक्षा भरवशाचे माप म्हणजे मध्यक. सर्व विद्यार्थ्यांना गुणांप्रमाणे ओळीने लावल्यावर बरोबर मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण म्हणजे मध्यक. चार प्रश्न सोडवून उठून गेलेल्या थोड्या मुलांमुळे तो सरासरीइतका हलत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीचे उदाहरण घेऊ. पहिल्या चाचणीचा मध्यक 70 असेल, तर ती त्याच्या 72 गुण पुढे होती. दुसरीचा 110 असेल, तर 61 गुण पुढे. दुसरी प्रश्नपत्रिका सोपी होती, सगळ्यांचेच गुण वाढले आणि तिचे इतरांइतके वाढले नाहीत. तिला सोप्या प्रश्नपत्रिकेत चुका टाळण्याचा सराव हवा आहे, एवढे त्यातून कळते, आणि हा निष्कर्ष ना 171 या आकड्यातून निघाला असता, ना 89 मधून.

राष्ट्रीय पातळीवरचा अंदाज हवाच असेल, तर सराव चाचणीऐवजी खऱ्या परीक्षेची, आधी न पाहिलेली, एका विशिष्ट शिफ्टची प्रश्नपत्रिका घ्यावी आणि सलग तीन तास बसून सोडवावी. तपासताना एनटीएची अंतिम उत्तरतालिका वापरावी, तात्पुरती नव्हे, कारण आक्षेपांनंतर काही उत्तरे बदलतात आणि काही प्रश्न रद्द होतात. नंतर त्याच शिफ्टसाठी किती गुणांना साधारण किती पर्सेंटाइल मिळाले ते शोधावे. येथे सावध राहावे लागते: जेईई मेनच्या गुणपत्रकावर पर्सेंटाइल असते, मूळ गुण नसतात. बाजारात फिरणारे गुण आणि पर्सेंटाइल यांचे तक्ते उमेदवारांनी आपली उत्तरे ताडून सांगितलेल्या गुणांवरून जुळवलेले असतात. त्यामुळे एका आकड्यावर बोट न ठेवता दोन टोकांमधला पल्ला घ्यावा, आणि तीन-चार वेगवेगळ्या शिफ्टच्या प्रश्नपत्रिका सोडवून मगच त्यावर विश्वास ठेवावा.

नीट आणि बिटसॅट

नीट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा 2025 पर्यंत देशभर एकाच दिवशी, एकाच वेळी, कागदावर घेतली गेली. सगळ्यांना एकच परीक्षा असल्यामुळे शिफ्टचा प्रश्न नव्हता आणि क्रमांक 720 पैकी मिळालेल्या मूळ गुणांवरच लागला. पर्सेंटाइल तेथे पात्रता ठरवण्यासाठी येते: खुल्या गटाला 50 पर्सेंटाइल लागते. ही अट कायम असूनही तिचे गुणांतले मोल दरवर्षी बदलते. 2022 मध्ये ते 117 होते, 2023 मध्ये 137, 2024 च्या सुधारित निकालात 162 आणि 2025 मध्ये 144. सुधारित निकालानुसार 2024 मध्ये 17 जणांना पैकीच्या पैकी 720 गुण होते, तर 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला 686. गेल्या वर्षी अमुक गुणांना बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, म्हणून या वर्षीच्या सराव चाचणीत तेच गुण लक्ष्य ठेवणे किती फोल आहे, ते या आकड्यांवरून दिसते.

झुआरीनगर येथे ज्या बिट्स पिलानीचा परिसर आहे, त्या संस्थेच्या बिटसॅट या प्रवेश परीक्षेत 130 प्रश्न आणि 390 गुण असतात. बरोबर उत्तराला 3 आणि चुकीच्या उत्तराला वजा 1. जेईई मेनमध्ये हेच प्रमाण 4 आणि वजा 1 असे आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले, तर जेईईत सरासरी पाव गुण पदरात पडतो आणि बिटसॅटमध्ये काहीच पडत नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर दोन्हीकडे अंदाज करणे फायद्याचे ठरते. मूळ गुण या निर्णयांतून घडतात आणि त्यांचे पर्सेंटाइल नंतर होते, म्हणून सराव चाचणीनंतर आपले अंदाज किती वेळा बरोबर ठरले, तेही मोजावे.

सॅटची पद्धत

सॅटमध्ये वाचन-लेखन आणि गणित असे दोन विभाग असतात. प्रत्येकाची पट्टी 200 ते 800 आणि एकूण पट्टी 400 ते 1600. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. अमुक महिन्यात हुशार मुले कमी बसतात म्हणून तेव्हा परीक्षा द्यावी, असा सल्ला ऐकू येतो. तो निराधार आहे. परीक्षेच्या दिवशी इतरांनी काय केले यावर गुण अवलंबून नसतात. वेगवेगळ्या संचांतील काठिण्याचा फरक समतुल्यीकरणाने आधीच भरून काढलेला असतो. एखाद्या कठीण संचात एक चूक होऊनही 800 मिळू शकतात आणि सोप्या संचात तीच एक चूक गुण खाली आणते, ते याचमुळे.

परदेशांत 2023 पासून आणि अमेरिकेत 2024 पासून ही परीक्षा संगणकावर होते. प्रत्येक विभाग दोन भागांत विभागलेला असतो आणि पहिल्या भागातील कामगिरीनुसार दुसरा भाग कठीण किंवा सोपा मिळतो. सोपा भाग मिळाला, तर त्यातील सगळी उत्तरे बरोबर देऊनही गुणांची कमाल मर्यादा खाली राहते. शिवाय प्रत्येक भागातील दोन प्रश्न केवळ पुढील परीक्षांसाठी आजमावायचे असतात आणि ते गुणांत धरले जात नाहीत. ते कोणते हे विद्यार्थ्याला कळत नाही. त्यामुळे "इतके बरोबर म्हणजे इतके गुण" असा घरगुती तक्ता या परीक्षेला लागूच पडत नाही. सराव करायचा तर तो सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्याच ब्लूबुक या अ‍ॅपवर करावा, कारण तेथे दुसरा भाग खऱ्या परीक्षेप्रमाणे बदलतो. कागदावरील अधिकृत सराव संच वापरायचा असेल, तर त्याच संचासोबत दिलेला तक्ता घ्यावा, दुसऱ्या संचाचा कधीही नाही; आणि त्यात मिळणारी किमान व कमाल मर्यादा दोन्ही लिहून ठेवाव्यात. खासगी संस्थांच्या संचांतील प्रश्न सरावाला उपयोगी असतात, पण त्यांच्या रूपांतराच्या तक्त्यांमागे प्रश्न आधी मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांवर आजमावल्याचा आधार क्वचितच असतो.

वहीत काय लिहावे

प्रत्येक चाचणीनंतर एका ओळीत मावेल एवढीच नोंद करावी: चाचणी कोणाची, मूळ गुण किती, बरोबर, चूक आणि कोरे प्रश्न किती, बसलेले विद्यार्थी किती, मध्यक आणि सर्वाधिक गुण किती. तुलना एकाच मालिकेतील चाचण्यांची करावी. एका चाचणीवरून काही ठरवू नये. शेवटच्या पाच चाचण्यांत मध्यकापासूनचे अंतर कोणत्या दिशेने सरकते आहे, तेवढे पाहावे.

तयारीच्या अखेरीस क्रमांकाचा पल्ला हाती आला की तो योग्य यादीशी ताडून पाहावा. एनआयटी गोव्यात गोव्याच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या जागा आहेत आणि जोसा या केंद्रीय जागावाटप यंत्रणेच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीचा पहिला व शेवटचा क्रमांक कोट्यानुसार दिलेला असतो. तेथे इतर राज्यांसाठीचा रकाना न पाहता आपल्या कोट्याचा आणि आपल्या प्रवर्गाचा रकाना पाहावा. गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील एमबीबीएसच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि उरलेल्या 85 टक्के जागांसाठी राज्याची स्वतंत्र गुणवत्ता यादी लागते. तेथे स्पर्धा गोव्यातल्या उमेदवारांशी असते, म्हणून देशपातळीवरील पर्सेंटाइलपेक्षा मागील वर्षांच्या राज्य यादीतील शेवटचा क्रमांक अधिक कामाचा. फार्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या राज्यातील संस्थांसाठी कोणत्या परीक्षेचे गुण धरले जाणार आणि कसे, हे तंत्रशिक्षण संचालनालयाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून मगच सराव कोणत्या परीक्षेच्या नमुन्यावर करायचा ते ठरवावे.